सप्ताहाचं थेट प्रक्षेपण घरच्या कम्प्युटरवर उतरवून ठेवताना

आमच्या गावी दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. पहाटे काकडा, दुपारी महिला मंडळांची भजनं, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन महाप्रसाद. काही वर्षांपासून तालुक्याचं एक केबल चॅनल हे सगळं इंटरनेटवरही थेट दाखवतं. पुण्या-मुंबईला, सुरतेला, अगदी दुबईला गेलेली गावची मंडळी घरबसल्या बघतात. पण चॅनलवाले जुनं काही ठेवत नाहीत. आज दाखवलं, उद्या गेलं.

चार वर्षांपूर्वी आत्याच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम मी कम्प्युटरवर रेकॉर्ड केला. पाऊण तासाचं चित्र स्वच्छ आलं, आवाज मात्र टिपलाच गेला नव्हता. आत्याची बोटं पेटीवर फिरताहेत, ओठ हलताहेत, मागे बायका टाळ वाजवताहेत, आणि सगळं मुकं. चॅनलकडे विचारलं तेव्हा त्यांच्याकडेही काही उरलं नव्हतं. त्या वर्षी गाणाऱ्यांपैकी दोघीजणी आज नाहीत. तेव्हापासून हे काम मी नीट शिकून घेतलं. नात्यातली, ओळखीतली माणसं विचारतात तेव्हा जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे. रेकॉर्डिंगचं बटण दाबणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरी मेहनत आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी असते.

आधी बघा, रेकॉर्ड करायची गरज आहे का

पुष्कळ कार्यक्रम थेट दाखवून झाल्यावरही वाहिनीच्या यूट्यूबच्या पानावर राहतात. दूरदर्शनचं जुनं-नवं बरंच काही प्रसार भारतीच्या ‘वेव्ज’ या अ‍ॅपवर मिळतं. २०२४ च्या नोव्हेंबरात गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. कार्यक्रम असा कुठे राहणार असेल तर रात्र जागवू नका, दुवा जपून ठेवा.

राहणार नसेल तर पहिला उपाय फोनचा. छोट्या चॅनलवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून विचारा, “आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाची फाइल पेनड्राइव्हवर द्याल का?” बरेचदा देतात, आणि त्यांच्याकडची मूळ फाइल आपण पडद्यावरून टिपलेल्या फाइलपेक्षा केव्हाही सरस. देता येत नसेल तर निदान रेकॉर्ड करायची परवानगी तरी घ्या. मी आता दर वर्षी दोन्ही विचारतो. परवानगीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही सांभाळून ठेवतो.

कशाला हात लावायचा नाही

पैसे भरून बघायच्या ओटीटी अ‍ॅपवरच्या मालिका-सिनेमांना डिजिटल कुलूप असतं, त्याला डीआरएम म्हणतात. असा कार्यक्रम पडद्यावरून टिपायला गेलात तर फाइलमध्ये बहुतेक वेळा नुसता काळा चौकोन येतो. कम्प्युटर बिघडलेला नसतो, ते कुलूप आपलं काम करत असतं. त्या अ‍ॅपमध्येच ‘डाउनलोड’चं बटण असेल तर ते वापरा. मात्र ती फाइल त्या अ‍ॅपपुरती आणि मुदतीपुरतीच असते, पेनड्राइव्हवर घेऊन कुणाला देता येत नाही. कुलूप तोडायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं आहे. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

कुलूप नसलेल्या, सगळ्यांना मोकळ्या असलेल्या प्रक्षेपणाचं काय? १९५७ च्या मूळ कायद्यातलं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरासाठी वाजवी वापराला जागा देतं. पण त्या-त्या संकेतस्थळाच्या अटी वेगळ्या असू शकतात. यूट्यूबच्या अटींत त्यांनी दिलेल्या सोयीखेरीज उतरवून घ्यायला मनाई आहे. म्हणून फोन करायला सांगितलं. आणि घरी ठेवलेली फाइल स्वतःच्या पानावर चढवणं किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवणं म्हणजे वैयक्तिक वापर नव्हे, हे घरातल्या धाकट्यांनाही सांगून ठेवा.

चित्र आपल्यापर्यंत येतं कसं

एवढं समजलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. थेट प्रक्षेपण नळाच्या धारेसारखं सलग येत नाही. ते काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत येतं. बरीच संकेतस्थळं यासाठी अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत वापरतात. एक यादी असते, तिच्यात नव्या तुकड्यांचे पत्ते भरत जातात आणि जुने गळत जातात. आपला ब्राउझर यादी वाचतो, तुकडे आणतो, जोडून दाखवतो आणि टाकून देतो. नेट बराच वेळ गेलं तर मधले तुकडे यादीतून गळून जातात, मग ते परत मिळत नाहीत.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. तुकडे तयार होऊन आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून मंडपात घडलेली गोष्ट आपल्याला वीस-तीस सेकंद किंवा त्याहूनही उशिरा दिसते. गावाहून कुणी फोनवर “संपलं हो” म्हणालं तरी रेकॉर्डिंग लगेच थांबवू नका. आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं जास्तीची धरा. पसायदान कापलं गेलेलं कीर्तन मी ऐकलं आहे, फार चुटपुट लागते.

आदल्या दिवशीची तयारी

कम्प्युटर झोपणार नाही याची व्यवस्था करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘पॉवर’, तिथे पडदा बंद होण्याची आणि झोपेची वेळ दोन्ही ‘नेव्हर’ करा. पडदा बंद झाला किंवा कम्प्युटर लॉक झाला तर पडद्यावरून टिपलेलं चित्रही जातं. उजेड त्रास देत असेल तर ब्राइटनेस कमी करा, लॅपटॉपचं झाकण मात्र लावू नका. ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन अपडेट आठवडाभरासाठी थांबवा, नाहीतर पहाटे काकड्याच्या वेळीच कम्प्युटर स्वतःहून बंद होऊन सुरू व्हायचा. सूचनांसाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा.

शक्य असेल तर वायफायऐवजी राउटरपासून कम्प्युटरपर्यंत लॅनची केबल ओढा. इन्व्हर्टर असेल तर कम्प्युटर आणि राउटर दोन्ही त्यावर आहेत ना, ते तपासा. माझ्याकडे एकदा लाइट गेल्यावर लॅपटॉप सुरूच राहिला आणि राउटर बंद पडला.

डिस्कवर किती जागा लागेल याचा हिशेब सोपा आहे. चित्राचे सेकंदाला जितके मेगाबिट येतात, त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला लागणारे जीबी मिळतात. अडीच मेगाबिटच्या साधारण ७२० च्या (म्हणजे ७२० आडव्या ओळींच्या) चित्राला तासाला सव्वा जीबीच्या आत जागा पुरते, सहा मेगाबिटच्या चित्राला पावणेतीन जीबी. दोन तासांच्या कीर्तनाला दहा जीबी रिकामे असले की निश्चिंत.

ओबीएस बसवणं आणि मांडणी

यासाठी मी ओबीएस स्टुडिओ हा पडदा रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम वापरतो. तो फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. उतरवून घ्यायचा तो ओबीएस प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवर टिचकी मारू नका.

पहिल्यांदा उघडला की तो विचारतो, कशासाठी वापरणार. तिथे फक्त रेकॉर्डिंगसाठी, हा पर्याय निवडा. मग समोर मोठा काळा चौकोन आणि खाली चार-पाच खणांची पट्टी दिसते. नवखा माणूस इथेच बिचकतो. आपल्याला त्यातले तीनच खण लागतात.

‘सोर्सेस’ नावाच्या खणात अधिकचं चिन्ह दाबा आणि ‘डिस्प्ले कॅप्चर’ निवडा. आता पूर्ण पडदा टिपला जाईल. ‘विंडो कॅप्चर’ने फक्त ब्राउझरची खिडकीही टिपता येते, पण सुरुवातीला पूर्ण पडदाच बरा, त्यात घोटाळे कमी. दोन ग्राफिक चिप असलेल्या लॅपटॉपवर ‘डिस्प्ले कॅप्चर’ कधी कधी काळं येतं. तसं झालं तर विंडोजच्या ‘ग्राफिक्स’ सेटिंग्जमध्ये ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’ लावा आणि तो बंद करून परत उघडा. मॅकवर पहिल्याच वेळी पडदा टिपायची परवानगी मागितली जाते, ती द्यावी लागते.

दुसरा खण ‘ऑडिओ मिक्सर’. इथे जरा थांबा. ‘डेस्कटॉप ऑडिओ’ म्हणजे कम्प्युटरमधून बाहेर पडणारा आवाज, तो हवा. ‘माइक’ म्हणजे तुमच्या खोलीतला आवाज, तो नको. त्याच्या शेजारचं स्पीकरचं चित्र दाबून तो गप्प करा. हे केलं नाही तर हरिपाठात कुकरच्या शिट्ट्या आणि “अरे, दूध बघ” हेही कायमचं मुद्रित होतं. आता प्रक्षेपण किंवा कोणतंही गाणं चालू करा आणि ‘डेस्कटॉप ऑडिओ’ची हिरवी पट्टी हलते का ते बघा. आत्याच्या कार्यक्रमाला माझी हीच पट्टी हलत नव्हती आणि मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. मी ब्लूटूथचा स्पीकर लावला होता आणि ओबीएस दुसऱ्याच साधनाकडे कान लावून बसला होता. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ऑडिओ’त ‘डेस्कटॉप ऑडिओ’साठी ‘डिफॉल्ट’ ठेवा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन काढणं-लावणं करू नका.

तिसरा खण बटणांचा, त्यातच ‘सेटिंग्ज’ आहे. तिथे ‘आउटपुट’मध्ये फाइल कुठे साठवायची ती जागा ठरवा, दर्जा ‘हाय क्वालिटी’ ठेवा आणि फाइलचा प्रकार एमकेव्ही निवडा. यामागे कारण आहे. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर पानं आहेत पण अनुक्रमणिका नाही अशी अवस्था होते आणि फाइल उघडतच नाही. एमकेव्ही मध्येच तुटली तरी तिथपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नव्या आवृत्तीत ‘हायब्रिड एमपी४’ दिसेल, तेही या बाबतीत सुरक्षित आहे. ‘व्हिडिओ’मध्ये आउटपुटचं माप १२८० गुणिले ७२० आणि सेकंदाला २५ किंवा ३० चित्रं पुरेशी. चॅनलच ७२० चं चित्र पाठवत असेल तर आपण १०८० लावून फक्त फाइल फुगते.

रंगीत तालीम

ही टाळू नका. आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला, त्याच चॅनलचं जे काही चालू असेल ते दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग ब्राउझर बंद करा, फाइल उघडा आणि कानाला हेडफोन लावून पूर्ण बघा. ब्राउझर बंद करायला सांगतो, कारण चालू प्रक्षेपणाचा आवाज कानावर पडत असला की फाइलमध्येही आवाज आहे असं वाटून जातं.

काय बघायचं? चित्र अडखळतं का, कडेला पडद्याचा नको तो भाग आलाय का, आवाज फाटतोय का. आणि आवाज-चित्राचा मेळ. हा मेळ तपासायला टाळासारखं साधन नाही. टाळ एकमेकांवर आपटताना दिसला आणि त्याच क्षणी ऐकू आला तर सगळं जुळलंय. आवाज आधी येत असेल तर मिक्सरमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिंक ऑफसेट’ नावाचा रकाना आहे; तिथे शंभर-शंभर मिलिसेकंदांनी वाढवत जा आणि दर वेळी टाळ बघा. याच दोन मिनिटांच्या फाइलचा आकार तीसने गुणला की तुमच्या कम्प्युटरवर एका तासाला लागणारी जागा कळते. वर दिलेल्या हिशेबापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा.

प्रत्यक्ष दिवस

प्रक्षेपण उघडा. खिडकीतल्या दातेरी चाकाच्या चिन्हातून दर्जा ‘ऑटो’वरून काढून ७२० वर बसवा, ‘ऑटो’ राहिला तर नेट जरा मंदावलं की चेहरे धूसर होतात. पूर्ण पडदा करा, माऊसचा बाण कोपऱ्यात न्या. ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ दाबा. खालच्या पट्टीत वेळ पळताना दिसली पाहिजे आणि हिरवी पट्टी हलली पाहिजे.

पहाटेच्या काकड्यासाठी उठायचं नसेल तर ‘टूल्स’मध्ये ‘आउटपुट टायमर’ आहे. झोपायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि ते किती तासांनी थांबावं ते टायमरला सांगायचं. मधले रिकामे तास नंतर कापून टाकता येतात. पण प्रक्षेपण रात्री थांबून पहाटे पुन्हा सुरू होत असेल तर पान बरेचदा आपोआप ताजं होत नाही. हे आधीच्या एका रात्री तपासून ठेवा. तसं असेल तर गजर लावून पाच मिनिटांसाठी उठण्याला पर्याय नाही.

चॅनलने स्वतःहून प्रक्षेपणाचा थेट पत्ता दिला तर मात्र पडदा टिपायचीही गरज नाही. व्हीएलसी प्लेअर उघडा, ‘मीडिया’मधून ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ घ्या, पत्ता चिकटवा. ‘व्ह्यू’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स’ चालू केले की लाल बटण दिसतं. ते दाबलं की आलेले तुकडे आहेत तसेच ‘व्हिडिओज’च्या फोल्डरमध्ये साठतात, दर्जा जराही न घसरता. आमच्या चॅनलच्या मुलाने गेल्या वर्षी पत्ता दिला आणि काल्याचं कीर्तन मी असंच उतरवलं. कीर्तनकारांच्या मागे उभ्या टाळकऱ्यांचे चेहरे ओळखू येतात, इतकं स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी

एमकेव्ही फाइल सगळ्या टीव्हींवर चालत नाही. ओबीएसच्या ‘फाइल’ मेन्यूत ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे, तिथे फाइल टाका. काही क्षणांत तिची एमपी४ होते. आतलं चित्र तसंच राहतं, नुसतं वेष्टन बदलतं. पुढचा-मागचा भाग कापायला लॉसलेसकट हा फुकट प्रोग्रॅम चांगला आहे. तो चित्र पुन्हा न घडवता कापतो, म्हणून दर्जा टिकतो. मात्र काप हव्या त्याच क्षणी न बसता दोन-चार सेकंद मागेपुढे होतो, तेवढी जागा सोडा. कापलेली नवी फाइल पूर्ण बघून होईपर्यंत मूळ फाइल पुसायची नाही.

मग नाव. ओबीएस फाइलला तारीख आणि वेळेचं नाव देतो. पाच वर्षांनी तेवढ्यावरून काहीच आठवत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढे गाव, कार्यक्रम आणि गाणाऱ्याचं नाव असं लिहा, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवा. तिच्यात मंडळातल्या प्रत्येकीचं नाव, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, कोणते अभंग झाले, ते लिहा. हे काम त्याच आठवड्यात करा. मी आत्याला फोन लावतो, रेकॉर्डिंग चालू करतो आणि ती डावीकडून एकेकीचं नाव सांगत जाते. “ती निळ्या लुगड्यातली सुनंदाची जाऊ,” असं. तेही सगळं लिहून घेतो.

एकाच ठिकाणी असलेली फाइल केव्हाही जाऊ शकते. एक प्रत कम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि ती हार्डडिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा भावाकडे. पेनड्राइव्ह देवाणघेवाणीपुरता ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला त्याचा भरवसा नाही. वर्षातून एकदा, आम्ही सप्ताहाच्या आधी करतो, सगळ्या फाइली उघडून मधलं एखादं मिनिट बघा.

पेनड्राइव्ह देताना एक अडचण हमखास येते. जुना पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, कितीही जागा रिकामी असो. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा लागतो, आणि फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं. काही जुने टीव्ही तर एक्सफॅट वाचतच नाहीत. तशा घरी द्यायचं असेल तर एफएटी३२ च ठेवा आणि कीर्तनाचे दोन भाग करून द्या. देवनागरी नावाच्या जागी काही टीव्हींवर नुसते चौकोन दिसतात, म्हणून पेनड्राइव्हवरच्या प्रतीला सोपं रोमन नाव देतो.

आत्याच्या टीव्हीचं मॉडेल मी वहीत लिहून ठेवलंय. तसाच टीव्ही आमच्या शेजारी आहे. पेनड्राइव्ह गावी पाठवायच्या आधी त्यांच्याकडे लावून सुरुवात, मध्य आणि शेवट बघतो, आवाज दोन्ही स्पीकरमधून येतोय ना ते ऐकतो, आणि मगच पाकीट बंद करतो.